तबकडीवरची नेमकी जागा

दोन टर्नटेबलांवर दोन ध्वनिमुद्रिका ठेवून एकीतील गाणे संपण्याआधीच दुसरीतील गाणे त्याच ठेक्यात मिसळून देणे हे डीजेच्या कलेतील पायाभूत काम आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील आवाज ज्या क्षणापासून सुटायला हवा तो क्षण आधीच हुडकून ठेवावा लागतो. अशा हुडकून ठेवलेल्या जागेला ‘क्यू पॉइंट’ किंवा नुसते ‘क्यू’ म्हणतात. संगणकावर ही जागा एका बटणाला बांधून टाकता येते. ध्वनिमुद्रिकेला मात्र बटण नसते. तिच्या प्रत्येक बाजूवर बाहेरच्या कडेपासून लेबलापर्यंत गोल गोल आत जाणारा एकच अखंड चर असतो आणि गाण्यातील प्रत्येक क्षण या चरातील एका ठरावीक बिंदूवर कोरलेला असतो. त्यामुळे क्यू शोधणे म्हणजे क्षणाचा पत्ता लिहून ठेवणे होय, आणि त्या पत्त्याचे दोन भाग पडतात: सुई केंद्रापासून किती अंतरावर आहे हा पहिला, आणि तबकडी त्या फेरीत कोणत्या कोनावर आहे हा दुसरा. खुणा करण्याच्या जितक्या पद्धती जगात रूढ झाल्या त्या जवळजवळ सगळ्या यांपैकी एकच भाग पक्का करतात आणि दुसरा कलाकाराच्या डोळ्यावर किंवा कानावर सोपवतात. या विषयातील बहुतेक अडचणी आणि बहुतेक युक्त्या याच अपुरेपणातून निघालेल्या आहेत.

मुंबईजवळच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात मात्र ‘डीजे’ हा शब्द आज ज्या अर्थाने वापरला जातो त्यात ध्वनिमुद्रिका कुठेच नसते. हळदीच्या मांडवात, दहीहंडीला, गणपतीच्या मिरवणुकीत, १४ एप्रिलला किंवा सिंधी समाजाच्या चेटीचंडला ज्याला डीजे म्हणतात तो स्पीकरच्या भिंती, दिवे, लॅपटॉप आणि ते चालवणारा माणूस यांचा एकत्रित संच असतो. तथापि, तबकडीवर नेमक्या जागी सुई टेकवण्याचे कौशल्य या भागाला अपरिचित होते असे म्हणता येणार नाही, कारण डीजे हा शब्द येण्याच्या पुष्कळ आधी इथे लाऊडस्पीकरवाला होता. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्पच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहू लागले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि जवळच्या अंबरनाथमध्ये कारखान्यांच्या कामगारवस्त्या वाढत गेल्या. अशा दाटीच्या वस्त्यांमध्ये लग्न, सत्यनारायण, गणेशोत्सव किंवा महाशिवरात्रीची यात्रा यांची वर्दी भोंग्यावरून वाजणाऱ्या रेकॉर्डींनीच दिली जाण्याचा तो काळ होता. एक रेकॉर्ड प्लेयर, एक अॅम्प्लिफायर, खांबाला किंवा झाडाला बांधलेले दोन भोंगे आणि लाकडी पेटीत उभ्या लावलेल्या तबकड्या एवढी लाऊडस्पीकरवाल्याची सामग्री असे.

या माणसाला गाणी एकमेकांत मिसळायची नव्हती आणि त्याच्याजवळ दुसरे टर्नटेबलही नसे, तरीही त्याला क्यूची गरज पडत असे, आणि ती सर्वांत अधिक पडे ती ‘रेकॉर्ड डान्स’च्या वेळी. गणेशोत्सवातील रंगमंचावर ध्वनिमुद्रिकेच्या साथीवर नाचण्याचा हा प्रकार महाराष्ट्रात अनेक दशके लोकप्रिय होता. त्यात नाचणारी मुले पडद्याआड उभी असताना गाण्याचा लांबलचक सुरुवातीचा वाद्यमेळ गाळून थेट मुखड्यापासून सुरुवात करायची असे, किंवा मधले एखादे कडवे सोडून पुढच्या कडव्यावर उडी घ्यायची असे. सुई चुकीच्या जागी पडली तर चूक भोंग्यावरून सगळ्या वस्तीला ऐकू जाई. हेडफोनची सोय नसताना आवाजाची कळ बंद ठेवून कान सुईजवळ नेण्याचा मार्ग उरतो, कारण चरातून जाणारी सुई स्वतःही कंप पावत असते आणि अॅम्प्लिफायर बंद असला तरी तिचा बारीक, किरटा आवाज हवेतून ऐकू येतो. जुन्या सिरॅमिक आणि क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुईच्या हालचालीचे विजेत रूपांतर करणाऱ्या डब्यांमध्ये, हा आवाज चांगलाच स्पष्ट असे.

या कामात तबकडीच्या प्रकाराने किती फरक पडतो हे आकड्यांवरून दिसते. लाखेच्या जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्या घेत आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणे बसे. म्हणजे सुमारे अडीचशे फेऱ्या साधारण सात सेंटिमीटरांच्या पट्ट्यात मावत असत. या हिशेबाने सुई एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर गाण्यात पावणेतीन सेकंदांचा फरक पडतो. पुढे आलेल्या सात इंची ईपी तबकडीवर मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने एका बाजूला दोन गाणी, म्हणजे साडेसहा मिनिटांच्या आसपास संगीत, जेमतेम तीन सेंटिमीटरांच्या पट्ट्यात कोंबलेले असे, आणि तिथे तीच एक मिलिमीटरची चूक तेरा सेकंदांची होते. वीस मिनिटांच्या बारा इंची एलपीवर ती चौदा सेकंदांवर जाते. नव्या ‘मायक्रोग्रूव्ह’ तबकड्या, म्हणजे बारीक चराच्या प्लॅस्टिकच्या तबकड्या, आवाजाला स्वच्छ आणि हाताळायला न फुटणाऱ्या होत्या हे खरे असले, तरी नजरेने सुई टेकवणाऱ्याच्या दृष्टीने त्या प्रगतीत तोटाही होता, आणि या तोट्याची नोंद तबकडीच्या इतिहासांत क्वचितच घेतलेली आढळते.

केवळ नजरेवर अवलंबून राहणाऱ्याला तबकडी स्वतःही थोडी मदत करते. दिव्याच्या तिरप्या प्रकाशात ध्वनिमुद्रिका धरून पाहिल्यास चराचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा चमकत नाही. जिथे संगीत भरगच्च आणि मोठे आहे तिथे चराच्या भिंती अधिक वेड्यावाकड्या असल्याने प्रकाश विखुरतो आणि तो पट्टा करडा दिसतो, तर जिथे वाद्ये थांबून केवळ ताल उरतो किंवा गाणे शांत होते तिथे पट्टा काळा आणि गुळगुळीत भासतो. दोन गाण्यांमधील रिकामी फट तर कोणालाही दिसते. सरावलेला माणूस या छटांवरून मुखडा, मधला वाद्यमेळ आणि कडवे ओळखू शकतो. यातून पत्त्याचा पहिला भाग, म्हणजे केंद्रापासूनचे अंतर, काही फेऱ्यांच्या फरकाने हाती लागतो. मात्र त्याहून सूक्ष्म काम डोळ्याने होत नाही, आणि नेमकी तिथेच कोनाची खूण उपयोगी पडते.

मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी तबकडी एक फेरी १·८ सेकंदांत पूर्ण करते, म्हणजे कोनाचा एक अंश बरोबर पाच मिलिसेकंदांचा होतो. लेबलाचा व्यास शंभर मिलिमीटर धरला तर त्याच्या कडेवर काढलेली एक मिलिमीटर जाडीची रेघ सहा मिलिसेकंदांपेक्षाही थोडी कमी जागा व्यापते. एवढ्या बारकाईने हात चालवणारा माणूस दुर्मीळ, त्यामुळे लेबलावरची साधी पेन्सिलीची रेघसुद्धा कामाला पुरून उरते. पण ही रेघ फक्त कोन सांगते. ती तबकडीच्या प्रत्येक फेरीत एकदा त्याच जागी येते आणि साडेसहाशे फेऱ्यांपैकी आपली कोणती, याविषयी ती गप्प असते.

प्रत्यक्ष पद्धत अशी. कलाकार हेडफोन लावून गाणे ऐकतो आणि हवा तो ठोका येताच बोटाने तबकडी थांबवतो. टर्नटेबलाची थाळी खाली फिरतच राहते, कारण तबकडी आणि थाळी यांच्यामध्ये ‘स्लिपमॅट’ नावाची फेल्टची घसरणारी चकती असते. मग तो तबकडी हाताने हळूहळू मागेपुढे करतो, तेव्हा ठोक्याचा आवाज उलटसुलट, ओढल्यासारखा ऐकू येतो, आणि जिथे आवाज नुकताच सुरू होतो त्याच्या किंचित अलीकडे तो तबकडी स्थिर धरतो. या क्षणी लेबलावर सुईच्या दिशेने किंवा घड्याळातील बाराच्या जागेकडे रोखलेली एक रेघ काढली, अथवा कागदी पट्टीचा तुकडा चिकटवला, की खूण पूर्ण होते. पुढच्या वेळी सुई अंदाजाने जवळच्या फेरीत टेकवायची, हेडफोनमध्ये ऐकून फेरी बरोबर आहे का ते ताडायचे, रेघ ठरलेल्या जागी आणायची, आणि योग्य क्षणी बोट उचलायचे.

रेघ सुईकडे रोखावी की बाराच्या जागेकडे, यावर कलाकारांमध्ये मतभेद असतात, आणि एका क्यूपुरते पाहिले तर दोन्ही सारखेच बरोबर आहेत. मात्र एकाच रेघेवरून गाण्यातील दोन दूरच्या जागा मोजण्याचा मोह झाला तर एक भूमितीय फसगत होते. सुई ज्या दांड्याच्या टोकाला असते तो टोनआर्म बाजूच्या खुंटीभोवती वळतो, त्यामुळे सुई बाहेरून आत सरळ त्रिज्येवरून येत नाही तर कमानीवरून येते. टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलावर खुंटी केंद्रापासून २१५ मिलिमीटरांवर आणि सुई खुंटीपासून २३० मिलिमीटरांवर असते. या मापांवरून हिशेब केला तर बारा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या शेवटच्या फेऱ्यांपर्यंत येताना केंद्रावरून दिसणारी सुईची दिशा सुमारे वीस अंशांनी सरकलेली असते, आणि वीस अंश म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. नाचणाऱ्याच्या पायाला हा फरक नक्कीच जाणवतो.

गाण्याची लय आणि तबकडीची फेरी यांचे नाते हा या विषयातील सर्वांत रंजक भाग आहे आणि भारतीय तालांच्या संदर्भात त्याची चर्चा व्हायला हवी. मिनिटाला १०० ठोके पडणाऱ्या गाण्यात ३३⅓ च्या तबकडीच्या एका फेरीत बरोबर तीन ठोके बसतात, म्हणजे प्रत्येक ठोका मागच्या ठोक्यापासून १२० अंशांवर पडतो; १३३⅓ ठोक्यांच्या गाण्यात चार बसतात, आणि तेव्हा ठोक्यांच्या जागा एकाखाली एक येऊन तबकडीच्या पृष्ठभागावर चाकाच्या आऱ्यांसारखे चार पट्टे उजेडात चक्क दिसतात. आता तीच १०० मात्रांची लय धरून सहा मात्रांचा दादरा घेतला, तर एक आवर्तन ३·६ सेकंदांचे, म्हणजे नेमक्या दोन फेऱ्यांचे होते आणि प्रत्येक सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, तबकडीवर त्याच कोनात येते. आठ मात्रांच्या केरव्याचे आवर्तन मात्र दोन पूर्ण फेऱ्या आणि वर दोन-तृतीयांश फेरी घेते. त्यामुळे प्रत्येक समेचा कोन मागच्यापेक्षा २४० अंशांनी पुढे जातो आणि तीन आवर्तनांनंतर, आठ फेऱ्या झाल्यावर, तो मूळ जागी परततो. दादऱ्यात एकच रेघ गाण्याच्या सगळ्या समांना लागू पडते, ही सोय खरी, परंतु त्याच कारणाने चुकीच्या आवर्तनावर सुई पडली तरी रेघ बरोबरच दिसते. केरव्यात तीन रेघा काढाव्या लागतात, पण चुकलेली सम बहुधा लगेच उघडी पडते. कोळीगीतांचा झुलता ठेका सहा मात्रांच्या चालीचा असल्याने कोकणपट्टीतील गाण्यांना पहिला हिशेब अधिक जवळचा आहे.

अर्थात हे गणित लय काटेकोर असेल तरच खरे. जुन्या मराठी आणि हिंदी गाण्यांमध्ये संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी एका खोलीत बसून वाजवत असे आणि लय माणसांच्या हातात असल्याने कडव्यात ती किंचित चढे आणि मुखड्यावर परतताना सैल होई. शिवाय कित्येक गाण्यांची सुरुवात तालाशिवाय, केवळ आलापाने किंवा बासरीच्या सुट्या सुरांनी होते. अशा गाण्याचा क्यू पहिल्या आवाजावर लावणे निरर्थक ठरते. तो ढोलक किंवा तबला प्रथम ठेका धरतो त्या समेवर लावावा लागतो. ठोका यंत्रासारखा एकसारखा चालणारी गाणी हिंदी चित्रपटसृष्टीत ठळकपणे आली ती डिस्कोबरोबर, १९८० च्या ‘कुर्बानी’मध्ये बिद्दू यांनी स्वरबद्ध केलेले नाझिया हसनचे गाणे आणि त्यानंतर १९८१ मधील तिचा ‘डिस्को दीवाने’ हा संग्रह यांच्यापासून. डीजेच्या दृष्टीने ही गाणी मिसळायला सोपी, आणि आज जुन्या तबकड्यांच्या बाजारात त्यांना मागणी असण्यामागे स्मरणरंजनाइतकाच हाही व्यवहार असावा.

खुणेच्या या तंत्राचा इतिहास दोन ठिकाणांहून सुरू होतो. पहिले ठिकाण रेडिओ. निवेदकाचे वाक्य संपताच गाणे सुरू व्हावे, मधे शांतता पडू नये, यासाठी नभोवाणी केंद्रांवर सुई पहिल्या आवाजापर्यंत आणून तबकडी पाव किंवा अर्धी फेरी मागे फिरवून ठेवण्याची रीत होती. मागे फिरवणे आवश्यक असे, कारण थाळीला पूर्ण वेग धरायला वेळ लागतो आणि त्या अवधीत आवाज वाजला तर सूर खालून वर सरकत गेल्यासारखा ऐकू येतो. १९२७ मध्ये मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाल्यापासून पुढची अनेक दशके नभोवाणीच्या मराठी श्रोत्याला तबकडीवरील गाणी ऐकू आली ती बहुतांशी अशाच मागे फिरवून सोडलेल्या तबकडीतून.

दुसरे ठिकाण न्यूयॉर्क. तिथल्या क्लबांमध्ये फ्रान्सिस ग्रासो याने १९६०च्या दशकाच्या अखेरीस तबकडी बोटाने धरून खालची थाळी फिरती ठेवण्याचे तंत्र रूढ केले. ब्रॉंक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ च्या ज्या मेजवानीपासून हिपहॉपचा इतिहास मोजला जातो तिचा सूत्रधार कूल हर्क. गाण्यातील फक्त तालवाद्यांचा तुकडा, ज्याला ‘ब्रेक’ म्हणतात, तो एकाच गाण्याच्या दोन प्रती वापरून लांबवण्याची कल्पना त्याची, पण तो सुई अंदाजाने टेकवत असे आणि त्यामुळे ठोका तुटे. ही त्रुटी दूर केली ती जोसेफ सॅडलर ऊर्फ ग्रॅंडमास्टर फ्लॅश याने. लेबलाला घड्याळाची तबकडी मानून त्याने क्रेयॉनने ब्रेकची सुरुवात आणि शेवट आखले, आणि ब्रेक संपला की तबकडी मोजून तितक्या फेऱ्या मागे फिरवून खूण पुन्हा मूळ जागी आणली. सुई उचललीच जात नसल्याने पत्त्याचा पहिला भाग आपोआप सांभाळला जाई आणि रेघेने दुसरा भाग सांभाळला जाई. क्यूच्या समस्येला मिळालेले हे पहिले पुरे उत्तर म्हणावे लागेल. शंभर ठोक्यांच्या लयीतील आठ ठोक्यांचा ब्रेक असेल तर मागे जाण्याचे अंतर दोन पूर्ण आणि दोन-तृतीयांश फेरी, आणि दुसऱ्या हाताने दुसरी प्रत सुटलेली असताना पावणेपाच सेकंदांत ते उरकायचे, यावरून त्या कामाची धांदल लक्षात येईल. स्लिपमॅटसाठी त्याने फेल्टला खळ घालून कडक केले होते. इथे एक तपशील महत्त्वाचा आहे: कारखान्यात तबकडी दाबताना लेबल कोणत्या कोनात बसावे याला काहीच नियम नसतो, त्यामुळे एकाच गाण्याच्या दोन प्रतींवर तीच छापील अक्षरे चराच्या वेगवेगळ्या जागांसमोर येतात आणि एका प्रतीवरची खूण मोजून दुसरीवर उतरवता येत नाही. प्रत्येक प्रत कानाने नव्याने आखावी लागते.

याच काळात यंत्रेही बदलली. मोटर थेट थाळीला जोडलेले टेक्निक्स एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये आले आणि १९७९ च्या त्याच्या सुधारित आवृत्तीने ०·७ सेकंदांत पूर्ण वेग धरण्याची आणि वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करण्याची सोय दिली. वेग बदलला तरी क्यूची खूण बदलत नाही, हे कोनाने खूण करण्याचे मोठे सामर्थ्य आहे; सेकंदांत लिहून ठेवलेली नोंद वेग बदलताच खोटी ठरते, रेघ मात्र खरीच राहते. या आवृत्तीत वेगावर स्फटिकाच्या कंपनांचे नियंत्रण असल्याने तो विजेच्या पुरवठ्यावर अवलंबून नव्हता. साध्या रेकॉर्ड प्लेयरची मोटर मात्र पुरवठ्याच्या ५० हर्ट्‌झ या वारंवारितेशी बांधलेली असते, आणि मांडवात वीज गेल्यावर जनरेटरवर प्लेयर चालवला तर जनरेटरच्या चढउताराबरोबर गाण्याचा सूरही चढतो-उतरतो. भारनियमनाची वर्षे पाहिलेल्या वाचकाला याचे अधिक वर्णन नको.

तबकडीवर डीजेची कला भारतात का रुजली नाही, विशेषतः मुंबईच्या उपनगरांपलीकडे, याचे उत्तर काळाच्या एका फटीत आहे. न्यूयॉर्कमध्ये तबकडी स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध असतानाच दोन टर्नटेबल आणि त्यांचे आवाज मिसळणारा मिक्सर ही जोडी आली. कल्याणपलीकडच्या पट्ट्यात तबकडीचा सुकाळ असताना मिक्सर नव्हता, आणि मिक्सर परवडू लागला तेव्हा तबकडी गेलेली होती; मधली जागा १९८०च्या दशकात कॅसेटने व्यापली. स्वस्त कॅसेटमुळे लोकगीते, भीमगीते, आगरी-कोळी गाणी यांना मोठ्या कंपन्यांच्या मर्जीबाहेर स्वतःची बाजारपेठ मिळाली, आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज गल्लोगल्ली पोचला, हे तिचे ऋण मोठे आहे. पण क्यूच्या दृष्टीने कॅसेट हे अवघड माध्यम होते. फितीवर सुई टेकवायची जागा नसते. पुढे-मागे गुंडाळून थांबावे लागते, आणि डेकवरील तीन आकडी गणक फितीची लांबी न मोजता रिळाच्या फेऱ्या मोजत असल्याने, रिळावरील फितीची जाडी बदलली की त्याच आकड्याचे सेकंदही बदलतात. त्यानंतर सीडी आली आणि २००१ मध्ये पायोनियर सीडीजे-१००० या यंत्राने क्यू बटणावर बांधण्याची सोय दिली. म्हणून इथल्या डीजेचा पूर्वज शोधायचा तर तो ब्रॉंक्समध्ये शोधण्यापेक्षा भोंगेवाल्यांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल, जरी या दोघांच्या हातातील वस्तूंमध्ये काहीच सामाईक नसले तरी.

खुणेच्या साहित्याविषयी थोडक्यात. मेणाची पेन्सिल, कागदी चिकटपट्टी आणि लेबलावर व्हाइटनरचा ठिपका ही रूढ साधने आहेत. स्क्रॅच करणारे कलाकार, म्हणजे तबकडी मागेपुढे घासून तिच्यातूनच नवा ध्वनी काढणारे, आणखी एक धाडसी उपाय करतात: टिकलीएवढा गोल स्टिकर ते लेबलाऐवजी थेट चरांवर अशा बेताने चिकटवतात की त्याच्या कडेवर आदळलेली सुई सरकून हव्या त्या चरातच पडावी. इथे पत्त्याचा पहिला भागही खुणेत येतो. त्याची किंमत अशी की स्टिकरखालचे संगीत गेले, आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातील दमट पावसाळ्यात गोंद सुटून चरांत पसरला तर शेजारच्या फेऱ्याही गेल्या. व्हायनिलला, म्हणजे तबकडीच्या प्लॅस्टिकला, स्वतःला पाण्याने फारसे काही होत नाही. पण कागदी लेबल आणि त्यावरच्या रेघा पुरात टिकत नाहीत, आणि जुन्या लाखेच्या तबकड्यांना ओल मुळीच मानवत नाही.

वारंवार क्यू लावलेल्या जागी चर झिजतो. सुई उलट दिशेला ओढली जाताना चराच्या भिंतींवर घर्षण वाढते आणि काही काळाने त्या पहिल्या फेरीत सतत खरखर ऐकू येऊ लागते. इंग्रजीभाषक डीजे याला ‘क्यू बर्न’ म्हणतात. गोलाकार टोकाची सुई उलटे फिरणे त्यातल्या त्यात सहन करते, लंबगोल टोकाची सुई चर अधिक खाते. शुअर कंपनीची एम४४-७ ही गोल टोकाची कार्ट्रिज स्क्रॅच करणाऱ्यांमध्ये याच कारणाने प्रिय होती. कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिजचे उत्पादनच थांबवले. लाखेच्या तबकडीवर तर हा खेळ करूच नये, कारण तिच्यावरून चालणाऱ्या जुन्या पोलादी पिना प्रत्येक बाजूला एक या हिशेबाने बदलाव्या लागत, इतके ते घर्षण तीव्र असे.

डिजिटल काळात तबकडी परतली ती वेगळ्या रूपात. फायनल स्क्रॅच आणि २००४ मध्ये आलेले सेराटो स्क्रॅच लाइव्ह या प्रणालींमध्ये तबकडीवर गाणे नसतेच. तिच्यावर एक सांकेतिक ध्वनी कोरलेला असतो, ज्यावरून संगणक तबकडीचा वेग, दिशा आणि सुईची जागा ओळखतो आणि त्याप्रमाणे स्वतःकडील गाणे वाजवतो. लेबलावरचा स्टिकर इथेही लावतात, परंतु तो आता कुठल्याच गाण्याचा नसतो, केवळ हाताला दिशा कळावी एवढ्यासाठी असतो. खरे क्यू संगणकात रंगीत बटणांच्या रूपाने साठलेले असतात. हळदीच्या मांडवातील आजचा डीजे तर बहुधा तबकडीही न ठेवता छोट्या कंट्रोलरवर काम करतो आणि त्याच्या आठ बटणांवर ढोलकीचा तुकडा, मुखडा, नवरीचे नाव घेण्यासाठी ठेवलेली मोकळी जागा असे सगळे टप्पे बांधलेले असतात. रात्री दहाला ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार आवाज बंद करावा लागणार असेल तर शेवटचे गाणे नेमक्या कुठल्या कडव्यावर तोडायचे हेही तो बटणावरच ठेवतो.

जुन्या खुणांचे काय करावे हा प्रश्न संग्राहकांपुढे आहे. मुंबईतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या १९९० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने भारतीय तबकड्यांची नोंद आणि जतन हे काम अभ्यासाच्या पातळीवर नेले, आणि अशा कामात लेबलावरची पेन्सिलीची रेघ, चिकटवलेला कागद किंवा शाईतील आकडा हे पूर्वीच्या मालकाने केलेले नुकसान म्हणून पुसले जाण्याचा धोका असतो. ही घाई योग्य नव्हे. एखाद्या ईपीच्या दुसऱ्या गाण्याच्या मुखड्याशीच चर झिजलेला असेल आणि लेबलावर त्याच कोनात रेघ असेल, तर ती तबकडी बैठकीच्या खोलीत ऐकली गेली नव्हती, कोणत्या तरी मंचासाठी वाजवली जात होती, असे मोठ्या खात्रीने म्हणता येते, आणि भोंगेवाल्यांच्या व्यवसायाची लेखी कागदपत्रे फारशी मागे उरलेली नसल्याने असा पुरावा मोलाचा आहे. म्हणून तबकडी धुण्यापूर्वी दोन्ही लेबलांची छायाचित्रे सरळ वरून घ्यावीत, त्यात मधले छिद्र आणि कडेचा पहिला चर दिसेल असे पाहावे, आणि डिजिटल प्रत करताना झिजलेल्या फेरीतील खरखर संगणकाने काढून टाकण्याआधी मूळ ध्वनीची एक प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवावी.